शब्बाथ आणि वेळापत्रक : होमस्कूलिंग करणाऱ्या ख्रिस्ती घराचे वर्ष

अमेरिकेतील ज्या ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा मार्ग पत्करला आहे, त्यांच्या जीवनक्रमाचा विचार करताना एक विसंगती चटकन नजरेत भरते : मुलांचा वेळ शाळेकडून परत मिळवून तो घराला आणि देवाला द्यावा या हेतूने स्वीकारलेली ही जीवनपद्धती वर्ष सरता सरता त्या घराकडे पुष्कळदा वेळच शिल्लक ठेवत नाही. नियोजनातील उणीव म्हणून ही विसंगती सोडून देता येत नाही, कारण तिच्या मुळाशी एक जुना धर्मशास्त्रीय प्रश्न आहे. मूल घडवणे हे आईबापांचे काम कितपत आणि देवाचे कितपत, आणि ज्या कामाचा शेवट माणसाच्या हाती नाही ते काम ठरल्या वेळी थांबवण्याचा धीर श्रद्धावंताने कुठून आणावा, असा तो प्रश्न आहे.

होमस्कूलिंग म्हणजे सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील मुलांना पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी शिकवणे. या चळवळीचा उगम निव्वळ धार्मिक नव्हता. ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक 1977 मध्ये सुरू करणारे जॉन होल्ट हे शाळेच्या साचेबंदपणाला विटलेले शिक्षक होते आणि त्यांची भूमिका कोणत्याही पंथावर आधारलेली नव्हती. ख्रिस्ती वाचकांपर्यंत हा विचार पोचवला तो प्रामुख्याने रेमंड आणि डोरोथी मूर या दांपत्याने. ‘बेटर लेट दॅन अर्ली’ या 1975 च्या पुस्तकात त्यांनी लहान मुलांना औपचारिक अभ्यासाला जुंपण्याची घाई करू नये, असे प्रतिपादन केले. मूर दांपत्य सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट होते, म्हणजे सातव्या दिवसाचा शब्बाथ पाळण्याचा निर्देश ज्याच्या नावातच आहे त्या पंथाचे होते. चळवळीच्या आरंभी विश्रांतीचा आणि सबुरीचा विचार इतका जवळ होता, ही गोष्ट पुढच्या विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे सरकारी शाळांतील प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1962 आणि 1963 च्या निकालांनी दुखावलेला मोठा धार्मिक वर्ग या मार्गाकडे वळला. पालकांच्या बाजूने न्यायालयात लढण्यासाठी 1983 मध्ये होमस्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन स्थापन झाली आणि 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंगला कायदेशीर मान्यता मिळाली. करोनाच्या साथीत जनगणना खात्याने केलेल्या पाहणीत, शाळकरी वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी घरी शिकवणाऱ्यांचे प्रमाण 2020 च्या वसंतातील 5.4 टक्क्यांवरून त्याच वर्षीच्या शरदात 11.1 टक्क्यांवर गेल्याचे आढळले. अर्थात ही सर्वच कुटुंबे धार्मिक कारणाने घरी शिकवणारी नव्हती.

अशा एखाद्या ख्रिस्ती घराचे वर्ष कसे जाते, हे पेन्सिल्वेनिया राज्याच्या नियमांच्या चौकटीत पाहिले तर प्रश्नाला आकार येतो. तेथे ऑगस्टच्या आरंभी पालकाने शिक्षण-अधीक्षकाकडे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते, वर्षभरात 180 दिवस किंवा प्राथमिक स्तरावर 900 आणि माध्यमिक स्तरावर 990 तास शिकवावयाचे असते, वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही आणि मुलांच्या कामाचे नमुने जपून ठेवावयाचे असतात, आणि जूनअखेर पात्र मूल्यमापकाचा दाखला सादर करावयाचा असतो. सप्टेंबरमध्ये नवी पुस्तके उघडली जातात, त्याबरोबरच को-ऑप सुरू होतो. को-ऑप म्हणजे अनेक कुटुंबांनी आठवड्यातून एकदा, बहुधा चर्चच्या इमारतीत, एकत्र येऊन आपापल्या हातखंड्याचे विषय सर्वांच्या मुलांना शिकवण्याची व्यवस्था. त्याला पियानोचा तास, बायबलची वचने पाठ करण्याचा संध्याकाळचा वर्ग, वक्तृत्व आणि वादविवादाच्या स्पर्धा, आणि थोरल्या मुलाच्या फुटबॉलसाठी गाडीतून होणाऱ्या फेऱ्या येऊन मिळतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग, त्यानंतर नाताळपूर्वीचा आगमनकाळ आणि चर्चच्या नाटिकेच्या तालमी. मग फेब्रुवारी उजाडतो, ज्याची धास्ती या मंडळींत सर्वांना ठाऊक असते : बाहेर बर्फ, घरात आळीपाळीने सर्दीताप, गणिताचे पुस्तक निम्म्यावर अडलेले, आणि स्वयंपाकघरातील एकाच टेबलावर एका कडेला अपूर्णांकांची वही, दुसऱ्या कडेला घडी न घातलेले कपडे, मधे धाकट्याने सांडलेल्या दुधाचा ओघळ. आई हजेरीच्या वहीत त्या दिवसाच्या चौकटीत खूण करते तेव्हा तो दिवस 180 मध्ये धरावा की नाही, या शंकेने तिचा हात क्षणभर थबकतो.

या थबकण्यात आळस नसतो, प्रामाणिकपणा असतो, आणि म्हणूनच त्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. त्या शंकेत शिक्षणाविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे : ज्या वेळात धडा पुरा झाला तोच शिक्षणाचा वेळ, बाकीचा वाया गेलेला. हे गृहीतक कारखान्याच्या युगातील शाळेचे आहे आणि घराने ते नकळत उचलले आहे. स्कूल हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्या ‘स्खोले’चा मूळ अर्थ फुरसत, म्हणजे पोटापाण्याच्या धांदलीतून मोकळा झालेला आणि चिंतनाला दिलेला वेळ, असा आहे, आणि जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योझेफ पीपर यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशी फुरसत हाच संस्कृतीचा पाया असल्याचे मांडले होते. होमस्कूलिंगच्या वर्तुळात आजही जिला मानतात ती इंग्लंडची शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) हिच्या पद्धतीतही लहान मुलांचे धडे आखूड असत, एकदाच वाचलेला उतारा मुलाने आपल्या शब्दांत सांगावयाचा असे आणि दुपार उघड्या हवेसाठी राखलेली असे. मेसनची पुस्तके कपाटात ठेवून दुपारी तिसरा क्लास गाठणारी कुटुंबे थोडी नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यापेक्षा त्यांना कशाची भीती वाटते हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

ती भीती मुलाच्या भवितव्याची आहे, पण तिला एक विशेष धार चढली आहे. शाळेत घातलेले मूल मागे पडले तर शाळेला बोल लावता येतो. घरी शिकवलेले मूल मागे पडले, किंवा त्याहून वाईट म्हणजे श्रद्धेपासून दूर गेले, तर बोल लावायला आईबापांखेरीज कोणी उरत नाही. येथे कायद्याच्या इतिहासाचा संदर्भ येतो. ओरेगन राज्याचा सर्व मुलांना सरकारी शाळेची सक्ती करणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1925 मध्ये रद्द केला, तेव्हा मूल हे निव्वळ राज्यसंस्थेची निर्मिती नाही, असे तत्त्व मांडले गेले. 1972 मध्ये आमिश पंथीयांच्या खटल्यात आठवीनंतरच्या शाळासक्तीतून त्यांना धर्मस्वातंत्र्याच्या आधारे सूट मिळाली. या निकालांवर चळवळ भक्कम उभी आहे. परंतु त्या तत्त्वाचा उत्तरार्ध चळवळीने तितक्याच आवर्जून उच्चारलेला नाही : मूल राज्यसंस्थेची निर्मिती नसेल, तर ते आईबापांचीही निर्मिती नाही. ख्रिस्ती परिभाषेत आईबाप हे कारभारी आहेत, म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारे आहेत, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो हे जितके खरे तितकेच ती ठेव आपली नव्हे हेही खरे. घरी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनीच 2013 मध्ये मुलांच्या हितरक्षणाच्या नियमांसाठी संघटना उभारली, तिच्याकडे शत्रू म्हणून पाहणाऱ्या पालकांनी कारभारीपणाचा हा अर्थ पुरता स्वीकारला आहे असे म्हणता येणार नाही.

या संदर्भात 127 वे स्तोत्र फार बोलके आहे. संतती ही परमेश्वराकडून मिळालेले वतन आहे आणि मुले वीराच्या हातातील बाणांसारखी आहेत, हा त्याचा उत्तरार्ध मोठ्या कुटुंबांचा आणि गृहशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या साहित्यात वारंवार येतो. त्याच स्तोत्राच्या पूर्वार्धाकडे मात्र कानाडोळा होतो. तेथे सांगितले आहे ते असे की परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ जातात, पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबत कष्टाची भाकर खाणेही व्यर्थ, आणि आपल्या प्रियजनांना तो झोप देतो. दोन वेगळ्या विषयांची ही सांधेजोड नाही. मुले हे दान आहे असे मानणाराच रात्री निजू शकतो, कारण दान मिळवावे लागत नाही. आणि ज्याला मूल हे आपल्या मेहनतीचे फळ वाटते त्याला झोपण्याची भीती वाटणारच. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही, ज्यावर गृहशिक्षणाची धार्मिक इमारत उभी केली जाते, मुलांना देवाची वचने शिकवण्याच्या वेळा सांगितल्या आहेत त्या घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना अशा आहेत. दिवस जसा असेल तसा त्यात शिकवण मिसळावयाची आहे. शिकवणीसाठी दिवस ठासून भरण्याची आज्ञा तेथे नाही.

मराठी वाचकाला येथे पंडिता रमाबाईंचे बालपण आठवल्यावाचून राहणार नाही. त्यांना संस्कृत मिळाले ते आई लक्ष्मीबाईंकडून, पहाटेच्या वेळी, घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी. आणि लक्ष्मीबाईंना ते पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष ओढवून घेऊन शिकवले होते. ते घर ख्रिस्ती नव्हते आणि त्याला शाळेचा पर्यायही नव्हता, म्हणून तुलना ताणू नये. रमाबाईंनी पुढे 1886 ते 1888 या काळात अमेरिका पाहिली, तेथील सार्वजनिक शिक्षणाबद्दल आपल्या 1889 च्या मराठी पुस्तकात आदराने लिहिले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये घर आणि शाळा एकाच आवारात आणली. मार्टिन ल्यूथरनेही 1524 मध्ये जर्मन नगरांच्या प्रमुखांना पत्र लिहून शाळा काढण्याचा आग्रह धरला होता. घरशिक्षण हाच एकमेव ख्रिस्ती मार्ग, असा दावा या परंपरेच्या आधारे टिकत नाही. तो एक योग्य मार्ग होऊ शकतो, इतकेच म्हणता येते, आणि तेवढे म्हणणे पुरेसे आहे.

आता शब्बाथाच्या आज्ञेकडे वळता येईल. शब्बाथ म्हणजे सहा दिवसांच्या कामानंतर थांबण्याचा दिवस. बहुतेक ख्रिस्ती पंथ तो रविवारी, प्रभूचा दिवस म्हणून पाळतात. ‘निर्गम’ या पुस्तकात या आज्ञेचे कारण देवाने सृष्टी निर्माण करून विसावा घेतला असे दिले आहे, तर ‘अनुवाद’मध्ये इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते आणि तेथून त्यांची सुटका झाली, हे कारण आहे. गुलामाला स्वतःच्या वेळेवर हक्क नसतो, म्हणून थांबता येणे ही मुक्ततेची खूण ठरते. दोन्ही ठिकाणी कामातून सुटी मिळावयाच्या व्यक्तींची यादी आहे, आणि तीत कुटुंबप्रमुखाच्या लगोलग मुलगा आणि मुलगी यांची नावे येतात, मग दास, दासी, गुरेढोरे आणि परका. म्हणजे मुलांची विश्रांती आईबापांच्या मर्जीवर सोडलेली नाही. त्यांना ती देण्याची आज्ञा आईबापांनाच आहे. शनिवारी राहिलेला गणिताचा धडा रविवारी उपासनेनंतर उरकून घेणारे घर या यादीपुढे निरुत्तर होते.

त्या यादीत पत्नीचा उल्लेख नाही. काही भाष्यकार याचा उलगडा असा करतात की ‘तू’ या संबोधनात पती आणि पत्नी दोघेही येतात, आणि तो उलगडा सयुक्तिक आहे. पण प्रत्यक्षात या घरांतील आईचा रविवार कसा जातो, हे पाहिले म्हणजे यादीतील ती रिकामी जागा अजून भरलेली नाही, असे दिसते. आठवडाभर शिकवणारी तीच बाई रविवारी सकाळी संडे स्कूलचा वर्ग घेते, उपासनेच्या वेळी तान्ह्या मुलांच्या खोलीत बसते, सामुदायिक जेवणासाठी शिजवलेले भांडे गाडीतून नेते आणि रात्री सोमवारच्या वह्या लावून ठेवते. लूकच्या शुभवर्तमानात मार्था सेवेच्या धांदलीत असताना मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, आणि मरीयेने पत्करलेला वाटा तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असे तो म्हणतो. या प्रसंगावरची प्रवचने ऐकून मार्थांनी मन शांत करावे, असा उपदेश बायकांना पुष्कळ झाला. मार्था बसल्यावर ते भांडे कोण विसळेल, हे मात्र त्यात फारसे येत नाही. ‘तू’ मध्ये दोघे येतात हे भाष्य जो पती खरे मानतो त्याला रविवारी सगळ्यांच्या आधी उठून न्याहारी करावी लागते, तान्ह्याला मांडीवर घेऊन उपासनेत मागच्या बाकावर बसावे लागते, आणि हजेरीच्या वहीतील रविवारची चौकट कोरी राहील हे पाहावे लागते.