प्रेरणेची पारख



देव आजहि आपल्या लेकरांच्या अंतःकरणाशीं बोलतो, हें आपण मुखानें कबूल करितों. परंतु पेरणी करितांना किंवा भाकरी थापतांना मनांत जो विचार उठतो, तो त्याचाच आहे हें ओळखावें कसें? आपली स्वतःची इच्छाहि गोड बोलते, आणि मोह पाडणाराहि हलकेच बोलतो.

या कामीं रोमन कॅथॉलिक मंडळींतील एका पुरुषाचें उदाहरण घेऊं. त्या मंडळीच्या व आपल्या शिकवणींत भेद आहेत. तरी चांगलें तें घेण्यास आम्हांस संकोच नसावा. इग्नेशियस लोयोला हा स्पेन देशांतील सरदार घराण्यांतला. सन १५२१ त पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला. घरीं खाटेवर पडला असतां त्यानें शूर शिलेदारांच्या कथा मागितल्या. त्या मिळाल्या नाहींत. ख्रिस्ताचें व संतांचीं चरित्रें मात्र हातीं आलीं. मग कधीं तो ऐहिक कीर्तीचें मनोराज्य करी, कधीं प्रभूच्या सेवेचें. दोन्ही गोड वाटत. परंतु पहिलें सरलें म्हणजे मन कोरडें राही. दुसरें सरलें तरी आनंद मागें राही. हा भेद दिसला, आणि त्याचे डोळे उघडले.

यास्तव प्रेरणा येतांनाच पाहूं नका, ती मागें काय ठेवून जाते तेंहि पाहा. पूर ओसरल्यावर शेतांत गाळ राहिला कीं नुसती रेती, हें शेतकऱ्यास कळतें. मात्र जो विचार शास्त्रवचनाविरुद्ध जातो, तो कितीहि गोड असो, देवाचा नव्हे.

इग्नेशियसाच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकास सन १५४८ त पोपची संमति मिळाली. त्यांत आत्मपरीक्षणाच्या पांच पायऱ्या आहेत: देवाचे उपकार मानणें, पाप ओळखण्यास कृपा मागणें, दिवसांतील विचार, वाणी व कृति यांचा हिशेब घेणें, क्षमा मागणें, आणि सुधारण्याचा निश्चय करणें. शिवाय तो बजावतो कीं, मन कोरडें झालें असतां पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलूं नये.

हें आपल्या गांवांत किती लागू पडतें! बांधावरून भावाशीं बोलणें तुटलेलें असतें. रात्रीं प्रार्थनेच्या वेळीं मन म्हणतें, "जा, त्याला भेट." निश्चय होतो, शांति वाटते. सकाळीं अभिमान म्हणतो, "त्यानेंच आधीं यावें." बंधूंनो, रात्रीचा निश्चय सकाळच्या कोरडेपणास विकूं नका. उद्यां उद्यां म्हणतां कित्येकांनी भावाचें दार गांठलें तें तिरडीला खांदा द्यावयास.

संशय असेल तर एकट्यानें ठरवूं नका. बाळ शमुवेलास हांक तर ऐकूं आली, पण ती कोणाची हें वृद्ध एलीनें सांगितलें. मंडळींतील वडील माणसास विचारा. मग हांक देवाची आहे असें दिसलें, तर त्याच दिवशीं उठा.

प्रभु आपणां सर्वांस ऐकणारे कान व चालणारे पाय देवो. आमेन.