व्याज आणि निर्व्याज

बदलापुरात सप्ताहातले कीर्तन आटोपले. बुक्का लावताना एका गृहस्थांनी विचारले, "महाराज, निरूपणात आपण निर्व्याज प्रेम म्हणालात. म्हणजे बिनव्याजी ना?" मंडळी हसली, मीही हसलो. पण गृहस्थ हसले नाहीत. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी, धाकट्या भावाला खोलीसाठी पैसे दिलेले; व्याज मागावे की नाही, हे शल्य पोटात.

सज्जनहो, संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा. अमरकोशात हा शब्द दंभ आणि कैतव यांच्याच पंगतीला बसला आहे. वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा उलट, ती व्याजस्तुती. तेव्हा निर्व्याज म्हणजे आत एक, बाहेर एक असे ज्यात नाही ते. पैशाच्या वाढीला जुने शब्द निराळे : वृद्धी आणि कुसीद. दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्रच केले आहे, आणि तेही निंद्य देण्याघेण्याच्या प्रकरणात! मग कपटाचा शब्द सावकाराच्या वहीत शिरला कसा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाण्यांवर शेकडा पाच अशी जादा आकारणी आहे, तिचे नाव 'व्याजी'. आजच्या व्याजाचे मूळ मला तिथे दिसते. काहीतरी निमित्त सांगून वर घ्यायचे, ते व्याज.

परंतु शास्त्राने व्याज सरसकट वर्ज्य केले नाही; मर्यादा घातली. एका वेळी घ्यायचे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे, हा मनूचा दंडक. दामदुपट म्हणतात तो हाच. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. मर्यादा सुटली की काय होते, ते 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दिसले. कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. पुढे 1879 साली शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तुकोबांनी मात्र आपली कर्जखते आपल्याच हाताने इंद्रायणीत सोडली, अशी परंपरेची कथा आहे. त्यातही धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना देऊन टाकला; दुसऱ्याच्या खतांवर वैराग्य केले नाही. ही गोष्ट आम्ही कीर्तनकार घाईत सांगून जातो.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "घ्यायचे तर दर भावासमोर बोला, कागदावर लिहा. नाही घ्यायचे तर तेही बोला. पण 'घेत नाही' म्हणून मनात मांडून ठेवू नका."

बोललो खरा, पण लोकलमध्ये बसल्यावर मलाच घाम फुटला. उल्हासनगरचा आमचा एक पखवाजी. त्याच्या लेकीच्या लग्नात मी वीस हजार दिले होते, बिनव्याजी. त्याने दोन वर्षांत सगळे फेडले. त्या दोन वर्षांत आणि नंतरही मी त्याच्या हातावर बिदागी ठेवली नाही. "आपलीच माणसं," असे म्हणायचो. तो मान खाली घालून पखवाजाला कणीक लावायचा. शेवटी त्याने दुसऱ्या बुवांची साथ धरली, तेव्हा मी चारचौघांत त्याला कृतघ्न म्हटले.

अमरकोश मला लहानपणापासून मुखोद्गत आहे.

घरी येऊन जुन्या रोजनिशा काढल्या. त्याच्या साथीची कीर्तने मोजली, एकतीस भरली. बिदागीचे पाकीट करून देव्हाऱ्यापाशी ठेवले आहे. उल्हासनगर इथून चार स्टेशने; अजून जाणे झालेले नाही.