श्रवण आधी की अर्थ आधी?

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

मित्रांनो, आजचं वाचन दासबोध, दशक चौथा, समास पहिला. या दशकाचे पहिले नऊ समास म्हणजे नऊ भक्ती, आणि त्यात पहिला मान श्रवणाचा. कीर्तन, नामस्मरण, अगदी आत्मनिवेदनसुद्धा त्याच्या नंतर. आपण नाशिककर टाकळीला समर्थांच्या तपाची जागा बघायला जातो, पण त्यांनी भक्तीची सुरुवात ऐकण्यापासून का केली, हा विचार कमी वेळा करतो.

माझ्यासाठी हा प्रश्न सध्या घरातलाच आहे. मुलगी सात वर्षांची, इंग्रजी माध्यमात. संध्याकाळी दिवा लावला की रामरक्षा म्हणते, पाठ आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, मला यातलं काहीच कळत नाही. मग मी प्रार्थना करतेय का नुसतं पाठांतर?" "मोठी झालीस की कळेल" असं म्हणून हा प्रश्न टाळता येतो, पण ते उत्तर नव्हे. न कळता म्हटलेले शब्द देवापर्यंत पोचतात का? आणि अर्थ मराठीत सांगता येत असेल, तर संस्कृत हवंच कशाला?

यावर विचार करताना मला आपल्या कोकणातले बेने इस्राएली आठवले. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही माणसं पूर्ण मराठी झाली. तेलाचे घाणे चालवले, गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं घेतली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हिब्रू भाषा विसरली गेली. उरली ती मुख्यतः एक प्रार्थना, 'शमा'. तिचं पहिलं वाक्य मूळ हिब्रूत फक्त सहा शब्दांचं आहे. आणि 'शमा' या शब्दाचा अर्थच आहे, 'ऐक'! म्हणजे त्यांच्याकडेही पहिली पायरी श्रवणाचीच.

इथे भाषांची रचनाही बघण्यासारखी आहे. हिब्रूत 22 अक्षरं, लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि मूळ लेखनात स्वरांच्या खुणा नाहीत. त्या नंतर ठिपके-रेघांनी आल्या, पण सिनेगॉगमधली तोराची गुंडाळी आजही त्यांच्याशिवायच लिहितात. म्हणजे शब्द आधी कानावर पडलेला नसेल, तर डोळ्यांनी नीट वाचता येत नाही. आपली देवनागरी किंवा शेजारची मल्याळम लिपी याच्या उलट. काना, मात्रा, वेलांटी सगळं कागदावर असतं, त्यामुळे अर्थ न कळताही उच्चार जमतो. सोय मोठी, पण धोकाही तोच. पुस्तक उघडून आपण स्तोत्र घडाघडा वाचतो, आणि कुणाकडून ऐकायची, समजून घ्यायची गरजच वाटत नाही.

मल्याळमचा उल्लेख उगाच नाही केला. कोचीच्या यहुद्यांमध्ये सिनेगॉगची प्रार्थना हिब्रूत चाले, पण बायका धर्मकथांची गाणी मल्याळममध्ये गात आणि वह्यांमध्ये उतरवून ठेवत. एक भाषा द्राविडी, दुसरी सेमिटिक. घडण पूर्ण वेगळी. तरी एकाच घरात दोन्ही नांदल्या. 19 व्या शतकात याच कोचीहून काही शिक्षक कोकणात आणि मुंबईत आले आणि बेने इस्राएलींना हिब्रू शिकवू लागले. आणि मग काय झालं? हिब्रू आली म्हणून मराठी सुटली नाही. 1846 मध्ये मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाचा ग्रंथ, 'हग्गादा', मराठी भाषांतरासह छापला गेला. 1874 च्या पुण्याच्या हग्गादात तर बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडीत दाखवल्या आहेत! पुढे त्यांनी आपल्यासारखी कीर्तनंही मराठीत केली. आख्यान मोशेचं, थाट हरिदासी.

मला यात मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. आपल्याकडे क्रम सांगितलाय, श्रवण, मनन, निदिध्यासन. ते सहा शब्द श्रवणाने टिकले. कळत नाहीत म्हणून एखाद्या पिढीने ते सोडले असते, तर पुढच्या पिढीला अर्थ शोधायला काही उरलंच नसतं. पण ते नुसते टिकवून ही माणसं थांबली नाहीत. संधी मिळताच त्यांनी अर्थ आपल्या बोलीत आणला. म्हणून मला वाटतं, न कळता म्हटलेली प्रार्थना खोटी नसते, पण ती अपुरी असते. ती ठेव आहे. ती सांभाळणं हे पहिलं कर्तव्य, आणि ती उघडून बघणं हे दुसरं. दुसरं कायमचं टाळलं, तर न कळण्याचाच मोठेपणा होतो आणि ज्याला कळतं तो इतरांवर अधिकार गाजवू लागतो. ज्ञानेश्वर माउलींनी 1290 मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली, ती हीच भिंत पाडायला. पण गीतेचा श्लोक त्यांनी टाकला नाही. ओवी श्लोकाच्या बाजूला उभी राहिली.

अजून एक गंमत. 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएली इस्राएलला गेले. तिथे हिब्रू ही भाजी घ्यायची, बसमध्ये भांडायची भाषा झाली, आणि आता जपायची ठेव झाली मराठी. 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक त्यांनी तिथे चालवलं. म्हणजे पावित्र्य एखाद्या भाषेच्या जन्मात नसतं. आपण जिला जीव लावून पुढच्याच्या कानात घालतो, ती आपली देववाणी.

तेव्हा मुलीला मी सांगितलं, "तू म्हणतेस ती प्रार्थनाच आहे, अर्धी. उरलेली अर्धी आपण दोघं मिळून करू." रोज एक श्लोक, त्याचा अर्थ मराठीत, तिच्या शब्दांत.

आजचा संकल्प: तुम्ही रोज म्हणता त्या स्तोत्रातली एकच ओळ घ्या. आधी ती कुणाकडून तरी ऐका, मग तिचा अर्थ घरातल्या लहानाला सांगून बघा. सांगता आला नाही तर ओळ सोडू नका, अर्थ शोधा.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥