स्तंभ कोणाचा?

सरकार युद्धस्मारक बांधते ते मेलेल्यांसाठी कमी, जिवंतांसाठी अधिक. भीमा कोरेगावचाच स्तंभ घ्या. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला. गावाने ज्यांची सावलीही टाळली, त्या महार शिपायांची नावे दगडावर कोरली गेली. ही गोष्ट लहान नव्हे. पण सरकारला त्यातून आपल्याच राज्याची पुण्याई सांगायची होती. पुढे 1892 च्या सुमारास त्याच इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. दगडावर नाव राहिले, पलटणीत जागा राहिली नाही!

1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले, आणि सरकारचा स्तंभ आपल्या स्वाभिमानाचा झाला.

आता आपण बौद्ध आहोत. मग युद्धाच्या स्तंभाला मान द्यावा काय? माझ्या मते मान त्या नावांना द्यावा, लढाईला नव्हे. सम्राट अशोकानेही कलिंगयुद्ध शिळेवर कोरले: एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख धरून नेली, याचे दुःख वाटते, असे. एवढा प्रांजळ राजा विरळाच. मात्र खुद्द कलिंगातील धौलीच्या शिळेवर हा मजकूर नाही. जिंकलेल्यांपुढे तो ठेवला गेला नाही.