हात कोणी कोणाचा धरावा?

रस्त्याच्या कडेला पांढरी काठी घेऊन उभा असलेला माणूस दिसला, की आपल्यातले बहुतेक सज्जन एकच गोष्ट करतात. त्याचा दंड धरतात आणि त्याला पलीकडे नेऊन सोडतात. पुष्कळदा त्याला पलीकडे जायचेच असते. कधीकधी मात्र तो बिचारा बसची वाट पाहत उभा असतो! हे पुण्यकर्म मीही अनेकदा केले आहे, आणि घरी येऊन चहाबरोबर ते सांगितलेही आहे. चांगुलपणाचे असेच असते. तो ज्याच्यावर केला त्याला कसा वाटला, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

ते विचारायला मला माझ्या आत्याने शिकवले, आणि तेही मी पन्नाशी ओलांडल्यावर.

आत्या सांगलीची. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. यजमान गेल्यावर गावभागातल्या दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहत होती. काचबिंदूने तिचे डोळे घेतले. हा आजार बहुधा चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरचे दिसत राहते, म्हणून माणूस बेसावध असतो. वेळेवर कळले तर उरलेली नजर राखता येते. गेलेली परत येत नाही. आत्याचा खांदा दारांच्या चौकटींना लागू लागला, तेव्हा पहिली काही महिने ती चौकटींनाच दोष देत होती.

मी तिला पुण्याला माझ्या घरी आणले. आमच्या घरात तिला काहीही कमी नव्हते. चहा हातात मिळे, ताट पुढ्यात येई. विळी-सुरीला आम्ही तिला हात लावू दिला नाही. गॅसच्या शेगडीजवळ तर फिरकूही दिले नाही. तिच्या पेन्शनचे पासबुक मी माझ्या कपाटात ठेवले. येणारे-जाणारे तिच्यादेखत माझ्या पत्नीला विचारत, "यांना साखर चालते का?" जणू डोळ्यांबरोबर तिचे कान आणि जीभही गेली होती. आम्ही तिची इतकी काळजी घेत होतो, की काळजी घेण्यासारखे तिच्याजवळ हळूहळू काहीच उरले नाही.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, मी इथं पाहुणी झाले बघ. आणि पाहुणी निदान चार दिवसांनी आपल्या घरी तरी जाते."

मला राग आला. खरे सांगायचे तर मला कृतघ्नपणाचा वास आला. परंतु त्या वाक्याने माझी झोप मोडली हेही खरे. चौकशी केली, आणि अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतून शिक्षक घरी येऊ लागले. ते स्वतः जन्मांध. दोन बस बदलून, एकटे येत. पहिल्या दिवशी मी तत्परतेने खाली गेलो आणि त्यांचा दंड धरून त्यांना जिन्याकडे नेऊ लागलो. ते थांबले. हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही मला धरू नका. मी तुम्हांला धरतो."

त्यांनी माझ्या कोपराच्या जरा वर बोटे टेकवली आणि ते अर्धे पाऊल मागे राहून चालू लागले. पायरी आली की माझे शरीर वर जाई, ते त्यांना हाताला कळे. वळण आले की तेही कळे. बोलायची गरजच नव्हती. मागून ढकलत नेलेल्या माणसाला पुढे काय आहे ते काहीच कळत नाही. तो खरा आंधळा होतो. शिवाय कोपर धरणाऱ्याला आणखी एक सोय असते. वाटेल तेव्हा हात सोडता येतो. दंड धरला गेलेल्या माणसाला ती नसते.

मला वाटते, साऱ्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

पुढे चार महिने आत्याची शाळा भरली. गणिताच्या बाई विद्यार्थिनी झाल्या. छातीच्या हाडापर्यंत पोहोचणारी लांब काठी आली. उजवे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक डावीकडे टेकायचे, डावे पडताना उजवीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडायचे तिथली जमीन काठीने आधीच पाहिलेली असते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी १९४४च्या सुमारास अमेरिकेतल्या एका लष्करी इस्पितळात ही रीत बसवली. नोटा ओळखायलाही ती शिकली. शंभराच्या नव्या नोटेच्या कडांना चार उठावदार रेघा असतात, पाचशेच्या कडांना पाच. मी डोळस माणूस रोज नोटा मोजतो. त्या रेघा मला आत्याने दाखवल्या.

मग एके दिवशी तिच्या बोटाला तव्याचा चटका बसला. मी धावत गेलो आणि शिक्षकांना म्हणालो, "आता स्वयंपाकघर पुरे." ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरात आजवर कुणाला चटका बसला नाही का? मग त्यांना कुणी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, लंडनमध्ये आर्थर पिअर्सन यांनी युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स नावाची संस्था काढली. गृहस्थ वर्तमानपत्रांचे मालक. काचबिंदूनेच त्यांचीही दृष्टी गेली होती. तिथे सैनिकांना टंकलेखन, मालिश, टोपल्या विणणे, कोंबड्या पाळणे असे अनेक उद्योग शिकवीत. पण तिथे आलेल्या सैनिकाच्या हाती पिअर्सन आरंभीच एक घड्याळ देत, काटे बोटांनी चाचपता येतील असे. किती वाजले, एवढे कुणाला न विचारता कळावे म्हणून! आपला वेळ आपल्या हातात असणे ही स्वातंत्र्याची केवढी मोठी सुरुवात आहे, हे त्या माणसाला स्वतःच्या अंधारात कळले असावे. पुढे १९४३मध्ये याच संस्थेच्या धर्तीवर डेहराडूनला आपल्या युद्धांध जवानांसाठी केंद्र निघाले.

इथे एखादा वाचक म्हणेल, "हे सारे ठीक, पण माणूस पडला तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रेमातूनच येतो. पण तो पुन्हापुन्हा स्वतःला विचारल्यावर मला एक अवघड गोष्ट दिसली. आत्या पडेल या भीतीत थोडी भीती आत्याची होती आणि बरीचशी माझी होती. ती पडली तर लोक मला काय म्हणतील, ही ती भीती. स्वतःची भीती दूर ठेवण्यासाठी मी तिचे आयुष्य कुलूपबंद केले होते, आणि त्या कुलपाला माया असे नाव दिले होते.

मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत अंतर आहे. मोकळे सोडायचे तर आधी शिकवावे लागते, खुर्ची रोज एकाच जागी ठेवावी लागते, दार अर्धवट उघडे टाकून जायचे नसते. नगरपालिकेनेही पदपथावर खड्डा खणून तो तसाच उघडा टाकायचा नसतो. अंध माणूस खड्ड्यात पडला की आपण त्याच्या डोळ्यांबद्दल हळहळतो. खड्ड्याला मात्र कुणी बोल लावीत नाही!

आणि स्वावलंबन म्हणजे तरी काय? माझा चष्मा कुठे आहे ते पत्नीला विचारल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. दूधवाला, वायरमन, बसचा चालक यांच्या खांद्यांवर माझे सारे स्वातंत्र्य उभे आहे. मदत घेतो म्हणून मला कुणी परावलंबी म्हणत नाही, कारण ती कधी घ्यायची आणि कधी नाकारायची हे मी ठरवतो. आत्याला एवढेच हवे होते. मदत बंद व्हावी असे तिने कधी म्हटले नव्हते. तिला नुसता आपला हात वर हवा होता, आमच्या कोपरावर.

पाचव्या महिन्यात तिने पासबुक मागून घेतले आणि सांगलीला जायचे ठरवले. मी विरोध केला, रुसलो, दोन दिवस बोललो नाही. ती गेली. शेजारी सकाळी एकदा हाक मारतात, भाजीवाली दारात येते. एकदा ती अंगणात पडलीही, गुडघा फुटला. ते तिने मला महिन्याने सांगितले, कारण आधी सांगितले असते तर मी काय केले असते हे तिला ठाऊक होते. मलाही ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीला मी तिच्याकडे गेलो. चकल्या तिनेच तळल्या होत्या. तेलातला चुरचुराट मंदावला की चकली झाली, हे ती कानाने ओळखते. मला पोहोचायला रात्र झाली होती, आणि नेमकी त्या आळीतली वीज गेलेली. आत्या हाक ऐकून फाटकाशी आली. मी सवयीने कोपर पुढे केले. तिने ते चाचपले, क्षणभर धरले आणि सोडून दिले.

"नको रे, ओळखीची वाट आहे," ती म्हणाली. "तूच माझ्या मागून ये. तिसरी पायरी मोडकी आहे, अंधारात तुला दिसायची नाही."