स्वहित आणि माँटगोमेरीची पायपीट

अमेरिकन माणूस केवळ स्वतःपुरते पाहतो आणि म्हणून त्या देशात सामूहिक नागरी कृती, म्हणजे सार्वजनिक हितासाठी नागरिकांनी एकजुटीने केलेला प्रयत्न, मूळ धरत नाही, असे म्हणताना स्वार्थ आणि स्वहित यांची गल्लत होते. 1831 मध्ये अमेरिकेत फिरलेल्या अलेक्सी द तोकव्हील या फ्रेंच विचारवंताने तेथील लोक शाळा, चर्च वा रुग्णालय यांसाठी चटकन मंडळे स्थापतात हे टिपले आणि त्यामागे ‘यथार्थपणे उमगलेले स्वहित’, म्हणजे इतरांच्या भल्यात आपलेही भले असल्याची जाण, आहे असे प्रतिपादले.

अशा एकजुटीचा एक दाखला म्हणजे, डिसेंबर 1955 मध्ये अलाबामातील माँटगोमेरी शहरात, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला अटक झाली, तेव्हा तेथील प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रके काढली आणि कृष्णवर्णीय समाजाने 381 दिवस बसवर बहिष्कार पाळला. मोलकरणी मैलोन्‌मैल चालल्या, गाडीमालकांनी गाड्या दिल्या आणि जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईंनी इतर स्त्रियांसह तळलेले चिकन व केक विकून त्या गाड्यांच्या खर्चासाठी पैसा उभा केला. हातावर पोट असलेल्यांनीच हे निभावले, ही गोष्ट विशेष मोलाची आहे.

पुढे अमेरिकेतील नागरी संघटनांचे सभासद घटले हे खरे. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी 2000 मध्ये ते सविस्तर मांडले, पण त्याचे खापर स्वभावावर न फोडता दूरचित्रवाणी आणि पिढीबदल यांकडे बोट दाखवले. आजही तेथील बहुतांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत आणि लहान गावांत आगीची वर्दी येताच हातातले काम टाकून धावतात.