अनुदान कोणाचे?

सरकारचे पैसे आले की आमच्या पारावर एकमेकांना विचारतात, "पडले का?" कोणाचे पडले, हे कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव असे कोसळले, की गाडीभाडं निघायची मारामार. मग सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्चपर्यंत बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. त्याला विक्रीची पट्टी पाहिजे आणि सातबाऱ्यावर कांद्याचा पेरा पाहिजे.

माझं एक वावर त्या वर्षी निम्म्या वाट्याने दिलेलं होतं. रोप टाकण्यापासून कांदा कापेपर्यंत वाटेकऱ्याचं सगळं घर तिथं राबलं. खत-औषधाचा खर्च निम्मा-निम्मा, तोटाही निम्मा-निम्मा. पट्टी मात्र माझ्या नावाची, सातबारा माझा, खातं माझं. मागाहून अनुदान आलं, तेही माझ्याच खात्यावर.

चुलतभाऊ म्हणाला, "अरे, जमीन तुझी, सरकारने दिले तुला. अनुदानाचं काही ठरलं होतं का त्याच्याशी?"

नव्हतं ठरलं. पण भाव एवढा पडेल, हे तरी कुठं ठरलं होतं? आणि तोट्याच्या वेळी तो काही मागे सरला नाही. अनुदान जमिनीला नव्हतं, पडलेल्या भावाला होतं. जो तोट्यात निम्म्याचा धनी, तो भरपाईतही निम्म्याचा धनी. मी निम्मे पैसे त्याच्या हातात मोजले. ह्यात उपकार कसला? हिशोबच तो.

आता वाटेकऱ्याचं नाव कागदावर का नसतं? तर आपणच ते येऊ देत नाही. १९४८ चा कूळकायदा आला, त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून कुळांनी जमीन विकत घेतली असं धरलं गेलं. कसणाऱ्याला जमीन मिळाली, चांगलं झालं. पण मालकांच्या पोटात तेव्हापासून धसका बसला, लिहून दिलं तर कूळ लागेल. म्हणून वाटा तोंडी. आणि तोंडी ठरलेला माणूस सरकारी यादीत येत नाही.

केंद्राच्या किसान सन्मान निधीचे २०१९ पासून वर्षाला ६,००० मिळतात. राज्याच्या नमो योजनेचे २०२३ पासून आणखी ६,०००. दोन्ही जमीन नावावर असणाऱ्याला. इथं माझा हिशोब अडतो. हे पैसे कुठल्या पिकाचे नाहीत, कुठल्या तोट्याचे नाहीत, मग त्यात वाटा कसा काढायचा? पण योजना शेतकऱ्याच्या नावाने आहे. बांधावर कधी पाय न ठेवणारा मालक त्यात बसू शकतो, आणि जन्मभर दुसऱ्याची जमीन कसणारा बसत नाही. मग शेतकरी म्हणायचं कोणाला? ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते बारा हजार मी घेतो, पण ते घेताना हा प्रश्न काही सुटत नाही.

पिकापुरतं मात्र मी पक्कं केलंय. वाटा ठरवतानाच सांगून टाकतो, विमा, नुकसानभरपाई, अनुदान, जे पिकावर येईल ते निम्मं तुझं. सरकारला वाटेकरी दिसत नसेल. मला तर तो रोज सकाळी वावरात दिसतो.